ताई, बांध कोण कोरतंय? महिला सरपंचांचे नेहमीचे प्रश्न

मी २०१७ ला निवडून आले, म्हणजे थेट जनतेतून सरपंच निवडायला सुरुवात झाली त्याच वर्षी (मग २०२० ला ते रद्द झालं आणि २०२२ ला परत आलं). सीट महिलेसाठी राखीव होती आणि खरं सांगायचं तर फॉर्म भरायचं घरात ठरत होतं तेव्हा मी आत भाकऱ्या थापत होते, मला सगळ्यात शेवटी विचारलं. तरी पाच वर्षं पूर्ण केली. आता आजूबाजूच्या गावच्या नव्या सरपंच ताई फोन करतात आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हटलं एकदाच लिहून काढते. यातलं कायद्याचं जे आहे ते मी वाचून आणि ठेचा खाऊन शिकलेय, वकील नाही मी.

बांध म्हणजे नेमकं काय म्हणताय? सरपंच म्हटलं की सगळं गावच आपलं ना?

गाव आपलं, पण आपण गावाच्या मालकीच्या नाही. शेजारचा शेतकरी बांध एका रात्रीत फोडत नाही बघा, दरवर्षी नांगरताना एखादं तास आत घालतो, आपण म्हणतो जाऊ दे कुठं भांडायचं, आणि दहा वर्षांनी मोजणी आणली की कळतं दोन गुंठे गेले. सरपंचकीचं अगदी तसंच होतं. पहिल्यांदा "तू कशाला उन्हाची तालुक्याला येतेस, मी देतो कागद", मग "सही करून ठेव, सकाळी लवकर जायचंय", मग "मीटिंगला मीच बसतो, तुला काय बोलायचंय तिथं", आणि एक दिवस गावात लोक तुमच्या नवऱ्याला सरपंच म्हणून हाक मारतात आणि तो ओ देतो. कोणी वाईट नसतं यात. म्हणून तर अवघड.

मालक सगळीकडे बरोबर येतात. त्यांना दुखावून कसं चालेल?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि विचारताना आवाज बारीक होतो कारण फोन बऱ्याचदा त्यांचाच असतो.

आधी हे बघा की ते काय करतात. मला मोटरसायकल येत नव्हती, पंचायत समिती अठरा किलोमीटर, एसटी दिवसातनं दोनदा. नवऱ्यानं सोडलं नसतं तर माझी निम्मी कामं झालीच नसती, आणि कर्ज, खतं, वीजबिल यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायचं. ही मदत झाली, त्यात लाजण्यासारखं काही नाही. प्रॉब्लेम सुरू होतो तो गाडी थांबल्यावर. गाडीवरनं उतरून केबिनमध्ये कोण जातं? मी सुरुवातीला ह्यांच्या मागनं जायचे आणि बीडीओ साहेब (पंचायत समितीचे गटविकास अधिकारी) ह्यांच्याशी बोलायचे, मी पदर नीट करत भिंतीवरचं कॅलेंडर बघायचे. तिसऱ्या वेळी मी घरनं निघतानाच सांगितलं, "तुम्ही टपरीवर चहा घ्या, मी येते." रागावले. दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. पण टपरीवर थांबले, आणि मग तिथं इतर गावच्या सरपंचांचे नवरे पण भेटायला लागले, त्यांचाच एक कट्टा झाला, आता अजून त्यांची आपसात सोयरीक चालू असते.

चारचौघात अडवू नका, घरात बोला, आणि एकेक गोष्ट करून बोला. "तुम्ही ढवळाढवळ करू नका" असं म्हटलं की भांडण होतं, "ग्रामसभेत प्रश्न मला विचारला की उत्तर मी देणार, अडले तर तुमच्याकडं बघेन" असं म्हटलं की त्यांना पण एक काम राहतं. आणि अगदीच ऐकत नसतील तर सरकारचं नाव पुढं करा, महिला पदाधिकाऱ्यांच्या कामात नातेवाइकांनी हस्तक्षेप करू नये अशी परिपत्रकं शासनानं काढलेली आहेत, दिल्लीला पंचायती राज मंत्रालयानं २०२३ ला या सरपंच-पती प्रकारावर समितीसुद्धा नेमली होती. "मी नाही म्हणत, कायदा म्हणतोय, उद्या कोणी तक्रार केली तर माझं पद जाईल" हे वाक्य आमच्या घरात फार उपयोगी पडलं, कारण पद जाऊ नये असं ह्यांना माझ्यापेक्षा जास्त वाटायचं.

भाऊसाहेब म्हणतात, "ताई तुम्ही सही करा, मी नंतर लिहितो." करू का?

नाही.

आता का ते सांगते, लांब आहे. पहिल्या वर्षीची गोष्ट, संध्याकाळची वेळ, मी भाकरी थापत होते, ग्रामसेवक भाऊसाहेब (आता २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गाव भाऊसाहेबच म्हणणार) गाडीवर प्रोसिडिंग बुक (सभेचे ठराव लिहायचं रजिस्टर) घेऊन दारात आले. मासिक सभा सकाळी झालेली होती. म्हणाले ताई घाई आहे, उद्या पंचायत समितीत दाखवायचंय. मी उजवा हात पदराला पुसला, सही केली, शेवटच्या ठरावाखाली अर्धं पान कोरं होतं ते मला दिसलं पण होतं, पण तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. पुढच्या वर्षी ऑडिटला साहेब आले, त्यांनी विचारलं ताई ही गटार कुठंय? मी म्हटलं कुठली गटार? त्यांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. त्या कोऱ्या अर्ध्या पानात वेगळ्याच शाईनं गटार दुरुस्तीचा एक ठराव बसवलेला, खाली माझी सही, आणि सहीच्या शेजारी पिठाचा डाग वाळून तसाच. मला त्या डागावरनंच आठवलं सगळं. लेखी खुलासे देता देता माझी दिवाळी गेली.

त्या दिवसानंतर मी तीन गोष्टी केल्या. प्रोसिडिंगवर सही फक्त ऑफिसात, खुर्चीत बसून, स्वतः वाचून. शेवटचा ठराव संपला की उरलेल्या कोऱ्या जागेवर आडवी तिरकी रेघ, आणि रेघेच्या टोकाला छोटी सही. आणि सही झाली की प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो. भाऊसाहेब म्हणाले, "ताई, विश्वास नाही का?" मी म्हटलं, "भाऊसाहेब, तुमच्यावर आहे, पण उद्या तुमची बदली झाली तर?" असं म्हटलं की समोरच्याची अब्रू पण राहते. ऑडिटमधनं वसुली निघाली तर ती सरपंच आणि ग्रामसेवक दोघांवर निघते, नवऱ्यावर नाही, एवढं डोक्यात ठेवा.

सगळे ग्रामसेवक असे नसतात हं. माझ्या दुसऱ्या भाऊसाहेबांनीच मला नमुने (पंचायतीच्या हिशोबाची रजिस्टरं) वाचायला शिकवलं.

आणि ते पेनड्राइव्ह? ते तर मालकांच्याच खिशात असतं.

त्या पेनड्राइव्हमध्ये असते ती डीएससी, म्हणजे तुमची डिजिटल सही. वित्त आयोगाचे पैसे ऑनलाइन काढायचे तर एक तुमची आणि एक ग्रामसेवकाची अशा दोन सह्या लागतात, आणि ते पेनड्राइव्ह लावून पासवर्ड टाकला की कॉम्प्युटरला काय कळतं कोणी टाकला, तुम्ही टाकला की संगणक परिचालकानं टाकला, नाव तुमचंच येणार. गंमत म्हणजे डीएससी काढताना कॅमेऱ्यापुढं तुम्हालाच बसवतात, व्हिडिओत तुम्ही स्वतःचं नाव सांगता, आणि हातात आलं की ते जातं दुसऱ्याच्या खिशात.

त्याहून पुढची गोष्ट मोबाईल नंबर. आजच बघा, तुमच्या आधारला, डीएससीला आणि पंचायतीच्या बँक खात्याला कोणाचा नंबर जोडलाय. माझ्या आधारला दिराचा होता, लग्नानंतर कार्डवरचं नाव बदलताना त्यानंच दिलेला. सहा महिने ओटीपी त्याच्याकडं जात होते आणि तो बिचारा इमानदारीनं फोन करून सांगत होता, पण सांगत होता कोणाला, ह्यांना. आधार केंद्रात जाऊन अंगठा दिला की नंबर बदलता येतो, अर्ध्या तासाचं काम आहे, भांडण करायची गरजच नाही, नुसतं जाऊन या.

पहाटे पाचला फोन येतात, रात्री अकराला येतात. उचलायचे का?

माझा रेकॉर्ड पहाटे चार वाजून पन्नास मिनिटं, आमच्या आळीला पाणी आलं नाही म्हणून. मी झोपेत "बघते" म्हटलं आणि खरंच उठून टाकीकडं चालत गेले. व्हॉल्व्ह फिरवणारा तिथं बिडी ओढत बसला होता, म्हणाला ताई तुम्ही कशाला आला, त्यांचा टर्न उद्याचा आहे.

मग मी कामासाठी वेगळं सिम घेतलं आणि पंचायतीच्या भिंतीवर ऑइल पेंटनं नंबर रंगवून घेतले: पाण्यासाठी पाणीवाला, लाईटसाठी वायरमन, दाखल्यासाठी ऑफिस, आणि सगळ्यात खाली सरपंच, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. त्याखाली "आग, अपघात, मयत, बाळंतपण: कधीही". लोक महिनाभर हसले, "ताईंनी दवाखाना काढलाय" म्हणाले. दुसऱ्या महिन्यापासून वायरमनला फोन जायला लागले. वायरमन माझ्यावर अजून चिडून आहे.

पहिले पंधरा दिवस रात्रीचे फोन उचलायचे नाहीत हे सगळ्यात जड जातं, कारण वाटतं काहीतरी झालं असेल. खरंच काही झालं असेल तर माणूस दारात येतो, गावात अंतर ते किती.

दाखल्यासाठी लोक घरी येऊन बसतात, चहा करावा लागतो, पोरांचा अभ्यास होत नाही.

बरेच दाखले आपल्या हातात नसतातच. जन्म, मृत्यू, विवाह नोंदीचे दाखले, नमुना ८ चा (घराच्या कर आकारणीचा) उतारा, येणे बाकी नसल्याचा दाखला, दारिद्र्यरेषेचा, निराधारचा, हे २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतात, अर्ज ऑफिसात द्यायचा आणि ठरलेल्या दिवसांत मिळायला पाहिजे. उत्पन्नाचा दाखला तर तहसीलदारांचा. "मी घरी सही केली तर तो कागद पुढं चालत नाही, उद्या दहाला ऑफिसात या, मी आहे" असं सांगायचं आणि दहाला खरंच असायचं. तुम्हीच दुपारी एकला गेलात तर लोक घरी येणारच.

म्हातारी माणसं, चालता न येणारी, त्यांच्यासाठी मी स्वतः जायचे. नियम आहे म्हणून तिथं पण ताठ राहायचं असं नाही.

मासिक सभेत चहा मलाच करायला सांगतात. किरकोळ आहे, सोडून देऊ?

नका सोडू. शिपायाला सांगा. खुर्चीचं पण तेच, सरपंचाच्या खुर्चीत उपसरपंच बसलेले असतील तर उभं राहायचं, हसायचं, आणि "अण्णा, सुरू करू या का?" म्हणून थांबायचं. उठतात. मला दोनदा करावं लागलं. तिसऱ्यांदा ते मला बघून आपोआप सरकले.

बाकीच्या महिला सदस्य काही बोलतच नाहीत, त्यांचे नवरे बाहेर ओट्यावर बसलेले असतात.

२०११ पासून आपल्याकडं पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, म्हणजे आमच्या नऊ जणांत पाच बायका होत्या आणि ओट्यावर चार नवरे, पाचवा ड्रायव्हर होता त्याला वेळ नव्हता म्हणून वाचली ती. त्यांना एकदम "बोला" म्हटलं तर नाही बोलणार. मी महिला सभा मनावर घेतली. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायचीच असते, बहुतेक गावात ती कागदावरच होते, सह्या गोळा करून. आम्ही ती खरी घेतली, अंगणवाडीत, दुपारी तीनला, धुणंभांडी उरकल्यावर. तिथं शाळेच्या संडासाला दार नाही ही गोष्ट जी तीन वर्षं मासिक सभेत कोणी काढली नव्हती ती पाच मिनिटांत निघाली, आणि पुढच्या ग्रामसभेत ती मी नाही मांडली, वॉर्ड दोनच्या ताईंनी मांडली, हात थरथरत होते तिचे पण मांडली. दार बसलं.

जुन्या लोकांना आठवत असेल, १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं बायकांचं केवढं मोठं अधिवेशन झालं होतं आणि नंतर जळगावकडच्या विटनेरसारख्या गावात सगळ्या बायकांची पंचायत निवडून आली, तेव्हा तर आजच्यासारखं आरक्षण पण नव्हतं, ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली. हे मला पण सरपंच झाल्यावर कळलं.

गावाच्या व्हॉट्सअप ग्रुपवर काहीबाही लिहितात. उत्तर द्यायचं का?

कामाचं विचारलं असेल तर एकदाच उत्तर, ठरावाच्या किंवा पावतीच्या फोटोसकट. चिखलफेक असेल तर नाही. रात्री नऊनंतर ग्रुप म्यूट. ग्रुपवर भांडणारा माणूस ग्रामसभेला येत नाही, हे माझं पाच वर्षांचं निरीक्षण.

पण घाणेरडं बोलतात, मुद्दाम अंगचटीला येतात, रात्री मेसेज करतात, ते?

ते सोसायचं नाही, आणि त्यासाठी गोड वाक्यं पण शोधायची नाहीत. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलवर पाठवून ठेवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा नोकरदार बायकांपुरता नाही, त्यात प्रत्येक जिल्ह्याला स्थानिक समिती असते, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. पोलिसात जायचा रस्ता वेगळा आहेच, ११२ आहे, महिला हेल्पलाइन १८१ आहे. जातीवरनं बोललं असेल तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा, आणि राखीव जागेवर निवडून आलेल्या बहिणींना हे फार ऐकावं लागतं, मी बघितलंय, झेंडावंदनाच्या दिवशी सुद्धा.

घरी सांगायची भीती वाटते कारण घरचे म्हणतात "मग सोड ना ते पद". आधी अशा एका बाईला सांगा जी असं म्हणणार नाही.

ठेकेदार घरी मिठाईचा बॉक्स ठेवून गेला. आता?

त्याच दिवशी परत पाठवा, शिपायाच्या हातानं, ऑफिसातनं. आमच्याकडं दिवाळीत एक साडी आली होती, सासूबाईंना फार आवडली, मोरपंखी होती, त्यांनी घडी मोडायच्या आत मला ती पिशवीत घालावी लागली आणि त्यावरनं आठवडाभर ऐकावं लागलं. नंतर त्याच माणसाच्या रस्त्याचं बिल अडवताना माझी जीभ अडखळली नाही, कारण साडी कपाटात नव्हती. ठेकेदाराशी बोलणं ऑफिसात, भाऊसाहेबांसमोर, आणि घरातल्या पुरुषांना पण सांगून ठेवा की त्याच्याबरोबर जेवायला ढाब्यावर जायचं नाही. कोणी सरकारी माणूस टक्केवारी मागत असेल तर लाचलुचपत खात्याचा १०६४ नंबर आहे.

इतकं सगळं केलं तर अविश्वास ठराव आणतील ना?

आणायचा म्हटलं तर काही न करता पण आणतात. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने अविश्वास आणता येत नाही, आणि सदस्यांनी पास केला तरी तो ग्रामसभेत गुप्त मतदानाला जातो, म्हणजे शेवटी गावानं ठरवायचं.

जास्त भीती अपात्रतेच्या अर्जांची धरा, अतिक्रमण आहे, शौचालय नाही, असलं काहीतरी काढतात. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंच बाईंना, सासूबाईंबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात असं म्हणून अपात्र केलं होतं, त्या म्हणत होत्या मी वेगळी भाड्याच्या घरात राहते. कलेक्टर, हायकोर्ट करत प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०२४ ला त्यांचं पद परत मिळालं, कोर्टानं सरळ लिहिलं की बाई सरपंच झालीय हेच गावातल्या काही लोकांना पचलं नाही. तेव्हा घरपट्टीच्या पावत्या, भाडेकरार, लाईटबिल सगळं एका फाइलीत ठेवा, आणि ती फाइल कुठं आहे हे तुम्हाला माहीत पाहिजे.

मानधन कोणाच्या हातात द्यायचं?

सप्टेंबर २०२४ च्या निर्णयानं मानधन दुप्पट झालं, दोन हजार लोकसंख्येपर्यंत महिना ६००० रुपये, आठ हजारपर्यंत ८०००, त्याच्या वर १००००. खातं तुमच्या एकटीच्या नावाचं काढा. घरात खर्च करायचे तर करा की, पण काढून तुम्ही आणा.

पेनड्राइव्ह घरात ठेवायचं तरी कुठं? कपाटाची किल्ली सगळ्यांकडे असते.

तांदळाच्या डब्यात नको, एकीचं पावसाळ्यात ओल लागून बंद पडलं. मी मिसळणाच्या डब्यामागं, हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवायचे. पाच वर्षांत त्या फळीला घरातल्या एकाही पुरुषाचा हात लागला नाही.